ठकीच्या बाळंतपणापुरती जागा

एका जंगलात एक वाघ राज्य करत असे. जंगलात लोकशाही होती, त्यामुळे तो दर पाच वर्षांनी निवडून येई. निवडून आल्यावर तो सगळ्या माद्यांना माता-भगिनी म्हणे, आणि भूक लागेपर्यंत तसं वागेही.

त्या जंगलात माद्यांसाठी वेगळा कोंडवाडा होता. चाळीसजणींसाठी बांधलेला, आत दोनशेजणी. त्यांचे गुन्हेही तसे भयंकर होते. ठकी शेळीने राजवाड्याच्या कुंपणाचा पाला खाल्ला होता. एका टिटवीने सरकारी वाळूत अंडी घातली होती. खटल्याचा निकाल मात्र कुणाचाच लागला नव्हता, कारण न्यायाधीश घुबड होते. त्यांना दिवसा दिसत नसे आणि रात्री न्यायालय बंद असे. जामिनाला कळपातला नर लागे, आणि नरांना कोंडवाड्याच्या दारात यायची लाज वाटे.

आत सगळ्याजणी एकमेकींना चिकटून, एकाच कुशीवर झोपत. एकटीला वळता येत नसे. म्हणून तानूआत्या नावाची म्हातारी म्हैस मधूनमधून "कूस" अशी हाळी देई आणि अख्खा कोंडवाडा एकदम वळे. ठकीचे दिवस भरत आले होते. तिला पोटामुळे वळता येईना, आणि नाही वळली तर शेजारणींचं ओझं पोटावर येई. आतलं पिल्लू जगतंय की नाही, याची तिला धास्ती लागली होती.

बाहेर भागू गाढवीने माद्या गोळा केल्या आणि फाटकासमोर ठाण मांडलं. किरकोळ गुन्ह्यातल्या जणींना घरी पाठवा, ते जमत नसेल तर ठकीला बाळंतपणापुरतं तरी सोडा, एवढीच त्यांची मागणी होती. वाघाने मागणीची गंभीर दखल घेतली, म्हणजे कोल्ह्याची एकसदस्यीय समिती नेमली. समिती आधी अभ्यासदौऱ्यावर गेली. तिने शेजारच्या जंगलातले कोंडवाडे आणि एक कोंबड्यांचं खुराडं पाहिलं. खुराड्याचा अभ्यास जरा लांबला.

इकडे एका दुपारी ठकीला कळा सुरू झाल्या. तानूआत्याने त्या दिवशी हाळी दिली नाही.

"उठा गं बायांनो," ती म्हणाली. "भिंतीला लागा. पोरीला आडवं होऊ द्या."

म्हातारी उभी राहिली, तशा सगळ्या उभ्या राहिल्या. हरिणी मागच्या दोन पायांवर उभ्या राहिल्या, सशिणी एकमेकींच्या पाठीवर चढल्या, टिटवी म्हशीच्या शिंगावर बसली. श्वासही पाळीपाळीने घ्यावा लागत होता. पण मधोमध जागा निघाली. कित्येक महिन्यांनी ठकीने पाय पसरले आणि ती रडली. मला विचाराल तर त्या राज्यात तेवढंच काय ते धड काम झालं.

नेमका तेव्हाच कोल्हा पाहणीला आला. त्याने फाटकाच्या फटीतून डोकावलं. त्याला मधली मोकळी जागा दिसली. वळून तो आंदोलकांसमोर उभा राहिला.

"माता-भगिनींनो, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आत ऐसपैस जागा आहे. एक भगिनी तर भरदुपारी पाय पसरून झोपली आहे. काही शक्ती गर्दीची अफवा पसरवत आहेत."

"ती झोपली नाही, बाळंत होतीय," भागू म्हणाली. "बाकीच्या भिंतीला चिकटून उभ्या हायत, तिकडं बघा की जरा."

"भिंतींची पाहणी समितीच्या कार्यकक्षेत येत नाही," कोल्हा म्हणाला.

अफवा पसरवल्याबद्दल भागूसकट सगळ्यांना जागच्या जागी अटक झाली, आणि जागा होतीच, म्हणून त्यांना आत ढकललं. भागूने ठकीकडे एकदा पाहिलं आणि ती भिंतीशी जाऊन पोट आत घेऊन उभी राहिली. मागून आलेल्याही तशाच उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत ठकीला दोन करडं झाली. दोन्ही जिवंत होती. तानूआत्याने ती चाटून कोरडी केली, आणि पहारेकरी तरसाने त्यांना कैद्यांत धरलं.

जाताजाता कोल्ह्याने पुन्हा फटीतून पाहिलं. मधली जागा अजून मोकळीच होती. त्याने अहवालात तसं नमूद केलं.

पुढच्या सभेत वाघाने कोंडवाड्यात गर्दी नसल्याचं जाहीर केलं आणि टाळ्या घेतल्या. ज्यांना शंका असेल त्यांनी फक्त हात वर करावा, तो म्हणाला, आत जाऊन पाहण्याची सोय सरकार करेल.