शेवंताचं एकच पान

दसऱ्याच्या दिवशी देवळातल्या घड्याळात सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. तेव्हा शेवंता नावाची एक मुलगी टेकडीवरच्या आपट्याच्या झाडाखाली उभी होती, आणि झाड अगदी उघडंबोडकं होतं.

शेवंता आठ वर्षांची. तिच्या फ्रॉकला तीन ठिगळं होती, एक लाल, एक निळं, एक पिवळं, त्यामुळे ती धावली की फुलपाखरू निघालंय असंच वाटायचं. घरात ती आणि आई, दोघीच. पावसाळ्यात आई विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि तिचा पाय मोडला. आता हाड जुळलं होतं, डॉक्टरांनी चाल म्हणून सांगितलं होतं, पण भीतीनं आईचं पाऊलच पडेना. भाकरी शेवंताच थापायची, वाकडीतिकडी. आई म्हणायची, "वा, आज नकाशाची भाकरी."

आदल्या दिवशी गावातल्या लोकांनी सोनं लुटायला म्हणून झाडाच्या फांद्याच्या फांद्या तोडून नेल्या होत्या. खालच्या एका डहाळीला एकच इवलंसं पान उरलं होतं. शेवंताचा हात पोचत होता, पण तिनं तोडलं नाही.

"बिचारं झाड," ती म्हणाली आणि आपल्या प्यायच्या तांब्यातलं पाणी तिनं मुळाशी ओतलं.

तसं ते पान थरथरलं, चमचमलं, आणि त्यातून उतरली एक चिमुकली परी. आपट्याचं पान कसं, दोन पाकळ्या जोडल्यासारखं असतं ना? अगदी तसे तिचे पंख होते, मधे हिरवेगार आणि कडेला सोनेरी.

"सगळ्यांनी पानं नेली, पाणी मात्र तूच घातलंस," परी म्हणाली. "माग काय हवं ते."

"माझी आई चालू दे, परीताई."

"देईन. पण नियम आहेत हं."

"नियम कशाला?"

"अगं, फार पूर्वी कौत्साला गुरुदक्षिणा द्यायची होती. रघुराजा त्याच्यासाठी थेट कुबेराकडे निघाला, तर कुबेरानं आधीच आपट्यावर सोन्याचा पाऊस पाडला. कौत्सानं गुरूंपुरतंच घेतलं. उरलेलं राजानंही ठेवलं नाही, लोकांना वाटून टाकलं. म्हणून हे पान देत राहिलं तरच सोनं असतं. ठेवून घेतलं की नुसता पाला."

मग परीनं ते एकुलतं पान शेवंताच्या तळहातावर ठेवलं. "ज्याला कुणी सोनं देणार नाही, त्याला हे दे. परत मागू नकोस. सूर्य मावळायच्या आत ते आपणहून तुझ्या हातात आलं, तर आई चालेल."

"आणि नाही आलं तर?"

"तर तू कुणाला तरी सोनं दिलंस, एवढंच."

ज्याला कुणी सोनं देणार नाही असं गावात एकच माणूस होतं. शेजारच्या भागूकाकू. त्यांच्या कोंबडीनं आईचा झेंडूचा वाफा उकरला, त्यावरून भांडण झालं, आणि वर्षभर दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. तशा त्या सगळ्यांशीच भांडायच्या. शेवंता सरळ त्यांच्या दारात गेली.

"सोनं घ्या काकू, सोन्यासारखं राहा."

"सोनं संध्याकाळी देतात, एवढंही नाही शिकवलं तुझ्या आईनं?" काकूंनी पान उलटंपालटं केलं. "आणि हे आपट्याचंच ना? की कांचनाचं आणलंस?"

"आपट्याचंच आहे. पाया पडते काकू."

काकूंचा हात नकळत तिच्या डोक्यावर गेला.

दुपार झाली, उन्हं कलली. शेवंता उंबऱ्यात बसून वाट बघत होती. गल्लीतून मुलं मूठमूठभर पानं घेऊन जात होती, पण तिचं पान काही येईना.

"कुणाची वाट बघतेस गं?" आईनं आतून विचारलं.

"दिलेल्या सोन्याची."

"दिलेल्याची वाट बघायची नसते, बाळा. ये, केस विंचरून देते."

शेवंतानं डोळे पुसले. "येईल ते," ती म्हणाली.

सूर्याची केशरी कड डोंगराला टेकली, आणि दारात भागूकाकू उभ्या राहिल्या.

"हे पान मी शिंपीणबाईला दिलं," त्या म्हणाल्या. "तिनं तिच्या रुसलेल्या जावेला, जावेनं पुजारीबुवांना. अख्खं गाव फिरून माझ्याच हातात आलं. मग म्हटलं, आता एकच घर राहिलं." त्यांनी पान शेवंताच्या हातात ठेवलं. "कोंबडीचं चुकलंच हो माझ्या."

"काकू, तुम्ही मोठ्या," आई गहिवरून म्हणाली. ती उठली, चार पावलं चालली आणि वाकून काकूंच्या पाया पडली.

वाकल्यावर तिच्या ध्यानात आलं. काकूंच्याही आलं. शेवंतानं आईच्या कमरेला मिठी मारली आणि तिच्या हातातलं पान उजळू लागलं, हिरवं, पिवळं, मग लखलखीत सोनेरी. त्या उजेडात परी क्षणभर हसली आणि उजेडातच विरून गेली.

दुसऱ्या दिवशी आई टेकडीवर चालत गेली. आपट्याला इवले इवले कोंब फुटले होते.

म्हणून सांगते, दसऱ्याला फांदी तोडू नका. एकच पान घ्या आणि ज्याच्याशी बोलणं नाही त्याला आधी द्या. आणि हे तुमच्या शेजारणीलाही सांगा, तिला पुढे सांगायला सांगा.