साळूची पाणी गाळणारी नळी

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका बांबूच्या बनात एक साळू राहत असे. अंगभर काटे, पण स्वभावाने मोठी लाजाळू आणि तितकीच चिकाटीची. एका वर्षी वरच्या अंगाला दरड कोसळली आणि बनातला ओढा गढूळ झाला. ते पाणी पिऊन हरिणीची पाडसे आजारी पडली. साळूला ते बघवेना. तिने बांबू कुरतडून पोकळ केला आणि त्यात वणव्यात जळालेल्या लाकडाचा कोळसा, वाळू व खडे भरले. सहा वेळा पाणी गढूळच आले. सातव्या वेळी मात्र नळीतून नितळ धार लागली!

साऱ्या बनाने तिचे कौतुक केले. साळूने घरोघरी एकेक नळी नुसतीच देऊन टाकली. पण पंधरा दिवसांत नळ्या तुंबल्या आणि झुडपांत फेकल्या गेल्या. पाडसे पुन्हा आजारी पडली. साळू नव्या नळ्या करत राहिली. कंदमुळे उकरायलाही तिला वेळ मिळेना. ती पार वाळून गेली. ओढ्याकाठची टिटवी स्पष्ट बोलणारी होती. ती म्हणाली, "साळूताई, तुझ्या नळीत काही खोट नाही. पण त्यांना नळी नकोय गं, रोज प्यायला चांगलं पाणी हवंय. काय अडतंय ते विचार तरी!"

साळू विचारायला गेली. हरीण म्हणाली, "आमच्या खुरांनी कोळसा कसा बदलणार, बाई?" मग साळूने ओढ्यावरच एक जाडजूड नळी बसवली. कोळसा बदलण्याचे काम स्वतःकडे घेतले आणि वाळू आणायला मुंग्यांना भागीदार केले. मग धीर करून ती म्हणाली, "जो इथे पाणी पिईल, त्याने आठवड्याला एक कंद नाहीतर एक फळ आणावं."

"म्हणजे पाण्याचं मोल घेणार तू?" हरिणीने विचारले.

साळू मागे हटली नाही. "पाणी ओढ्याचंच आहे, हरिणीताई. मी माझ्या मेहनतीचं मागतेय. मी उपाशी राहिले, तर नळी कोण साफ करणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हरीणच सर्वांत आधी रताळे घेऊन आली. ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हते, त्यांनी खडे वाहून आणले. उन्हाळ्यापर्यंत ओढ्याच्या तीन वळणांवर नळ्या बसल्या. पाडसे पुन्हा उड्या मारू लागली आणि साळूही धडधाकट झाली. एके दिवशी पलीकडच्या रानातून एक रानडुक्कर आला. "आम्हालाही एक नळी दे," तो म्हणाला.

साळू हसली. "नुसती नळी मी आता कुणालाच देत नाही, दादा. चार दिवस इथे राहा, ती सांभाळायला शीक आणि मग घेऊन जा."

तात्पर्य : शोध कितीही चांगला असला, तरी वापरणाऱ्याची अडचण समजून घेतली आणि आपल्या श्रमांचे रास्त मोल मागितले, तरच तो टिकतो आणि सर्वांच्या कामी येतो.