हाकेचा दगड

त्या खोऱ्यात गवत इतकं उंच होतं, की दहा पावलांवर कुणाचा गळा फाडला गेला तरी शेजाऱ्याला पत्ता लागत नसे. खोऱ्याच्या एका अंगाला सरळ काळा कडा होता आणि कड्यासमोर एक चपटा दगड. त्या दगडावरून हाक मारली, की कडा ती तीन वेळा परत फेकी आणि पार नदीच्या वळणापर्यंत ऐकू जाई.

ही जागा सापडली अंबू टिटवीला. रानडुकरांनी तिची चार अंडी तुडवली, त्या दिवशी ती दगडावर चढून ऊर फुटेस्तोवर ओरडली. काय झालं, कुठं झालं, डुकरं कुठल्या बाजूला निघाली, सगळं ओरडली. कड्यानं तो आक्रोश खोऱ्याला ऐकवला आणि कितीतरी पाखरांची अंडी त्या दिवशी वाचली. तेव्हापासून उन्हं उतरली, की सगळे कान टवकारून बसत. अंबूचा नियम साधा होता. कोण मेलं, कुठं मेलं, आणि मारणारा कुठं गेला, या तीन गोष्टी सांगायच्याच. "यातलं एक जरी गाळायचं असेल, तर दगडावर चढू नका. घरी बसून किडे खा," असं ती म्हणे.

रोज कुणी मरतंच असं नाही. मग दगडू बेडूक पावसाचा अंदाज सांगे. दहांतून आठ वेळा चुके, पण गाल फुगवून तो ज्या ऐटीत "उद्या नक्की!" म्हणे, ते ऐकायला ससे लांबून येत. हरवलेली पाडसं पुकारली जात, कुणाकडं बाळंतपण झालं ते कळे. अंबूचा घसा बसला, की तिच्या जागी गोदू साळुंकी उभी राही. गोदूचं बिऱ्हाड दगडाशेजारच्या वठलेल्या झाडाच्या ढोलीत होतं, कड्याच्या अगदी समोर. तिला कुणाचाही आवाज काढता येई. अंबू हसून म्हणे, "अगं गोदे, नकला पुरे झाल्या. तुझा स्वतःचा आवाज कुठं ठेवलास?" यावर गोदू अंबूच्याच आवाजात हसे.

मग वरच्या डोंगरावरचे लांडगे आले. सात जण आले, भर दुपारी, लपतछपत नव्हे. म्होरक्या मोठ्या अदबीनं बोलला. असे चौदा दगड आम्ही चौदा खोऱ्यांत सांभाळतो, आता हाही आमचा. हाक तुम्हीच मारा, शब्द तेवढे वरून येतील. अंबूनं सगळं ऐकून घेतलं, मग ती दगडावर चढली आणि त्याच्या तोंडावर हाक दिली, "टिटवी मेली! हाकेच्या दगडावर!" स्वतःच्याच मरणाची बातमी द्यायला घेतली होती, काय बाई होती! तिसरी गोष्ट सांगायच्या आत म्होरक्यानं तिची मान जबड्यात धरून दोनदा झटकली. हाड मोडल्याचा आवाजही कड्यानं तीन वेळा ऐकवला. लांडग्यांनी तिला खाल्लंसुद्धा नाही, नुसती फाडून दगडावर पसरून ठेवली.

गवतात सगळे तिसऱ्या गोष्टीची वाट पाहत होते. मारणारा कुठं गेला? कुठंच गेला नव्हता. इथंच बसून पंजा चाटत होता. गोदूनं एवढंच सांगायचं होतं. पण तिच्या पोटाखाली तिचं एकुलतं पिल्लू होतं, दोन दिवसांचं, उघडंनागडं, आणि म्होरक्या नेमका ढोलीकडंच बघत होता.

"बाई, तुमचा आवाज फार गोड आहे म्हणे," तो म्हणाला. "लेकराची काळजी सोडा. झाडाखाली आमचा पहारा राहील."

गोदूनं मान हलवली. तिला नावं ठेवणाऱ्यांनी आधी आपलं लेकरू पोटाखाली घेऊन बसावं. दुसऱ्या दिवशी एक रानबोका येऊन झाडाच्या बुंध्याशी पहाऱ्याला बसला.

सुरुवातीला फक्त तिसरी गोष्ट गेली. "ससा मेला, बाभळीखाली," एवढ्यावर हाक संपे. मारणारा कुठं गेला असं हरणांनी विचारलं, तेव्हा गोदूनं वरून आलेलं उत्तर दिलं, "चौकशी चालू आहे." पळायचं कुठं ते न कळून सशांची दोन बिऱ्हाडं सरळ लांडग्यांच्या दातांत शिरली. पुढं जागा गेली. मग नावं गेली. शेवटी एकच वाक्य उरलं, आणि रोज तेच म्हणायचं, शब्द इकडचा तिकडं न करता: "खोऱ्यात सगळं शांत आहे, चरत राहा."

एकदा गोदूचा घसा बसला म्हणून दगडूला उभं केलं. त्या भाबड्या जिवानं वाक्य नीट म्हटलं, आणि सवयीनं पुढं बोलून गेला, "पण उद्या पाऊस नक्की!" म्होरक्यानं त्याच्यावर पंजा ठेवून अंगाचा भार टाकला. फट्कन आवाज झाला आणि दगडू होता तिथं ओला डाग राहिला. अंदाज मात्र या खेपेला खरा ठरला. दुसऱ्या दिवशी पावसानं दगड धुऊन काढला.

गोदूच्या काळजाचं पाणी झालं. एक शब्द चुकला तर आपण गेलो, आणि आपण गेलो तर पिल्लाला कोण बघणार? ती ढोलीत सराव करू लागली. घास भरवताना तेच वाक्य, पंखाखाली घेताना तेच, निजवताना तेच. साळुंकीच्या पिल्लाला कंठ फुटेपर्यंत जे कानावर पडतं, तेच त्याच्या गळ्यात बसतं, हे तिला आईनं सांगितलं होतं. जिवाच्या धास्तीत ती ते साफ विसरली.

एका संध्याकाळी ती दगडावरून वाक्य म्हणत असताना नदीच्या वळणावर गवत हललं. हरणांचा सगळा कळप हाक ऐकून नुकताच मान खाली घालून चरायला लागला होता. लांडगे तिन्ही बाजूंनी शिरले. पोटं फाटली, आतडी काट्याकुट्यांत ओढली गेली, पाणी काठापर्यंत लाल झालं. सतरा हरणं पडली, आणि कित्येकांच्या तोंडात गवताचा घास तसाच होता. गोदूनं हे सगळं पाहिलं आणि वाक्य न अडखळता पुरं केलं. मग ती ढोलीत परतली. तिला स्वतःच्या चोचीची किळस आली.

त्याच घटकेला तिनं ठरवलं. पिल्लाच्या पंखांत आठ दिवसांत बळ येईल. नवव्या दिवशी त्याला कड्यापलीकडं उडवायचं, आणि आपण दगडावर उभं राहून अंबूची राहिलेली तिसरी गोष्ट सांगायची. मग जबडा आला तरी चालेल. ते आठ दिवस तिनं तेच वाक्य म्हणत काढले.

नवव्या दिवशी सकाळी पिल्लानं ढोलीच्या तोंडाशी येऊन पंख फडफडवले. लांब उडायचं म्हणजे पोट भरलेलं हवं, म्हणून गोदू खाली ओढ्याकाठी अळ्या वेचायला उतरली. बुंध्याशी बोका बसलाच होता. हरणांच्या मेजवानीत लांडग्यांनी त्याच्या वाट्याला नुसते खूर टाकले होते, आणि तेही संपून आता तीन दिवस झाले होते. त्यानं एकदा वर पाहिलं, एकदा ओढ्याकडं पाहिलं, आणि चढायला लागला.

पंजा ढोलीत शिरला. पहिल्या नखानं पंख मुळापासून उसवला, दुसरं पाठीत रुतलं. पिल्लाला अजून कंठ फुटला नव्हता. तो आता फुटला, आणि त्यानं जीव खाऊन, जन्मातली पहिली हाक मारली.

"खोऱ्यात सगळं शांत आहे, चरत राहा!"

समोरच्या कड्यानं ती उचलली आणि तीन वेळा खोऱ्यावर फेकली. चरणाऱ्यांनी माना वर केल्या, ऐकलं, आणि पुन्हा खाली घातल्या. ओढ्याकाठी गोदू चोचीत माती घेऊन थबकली. आवाज तिचाच होता, पण कोवळा, नवा. तिचे डोळे भरून आले. बोलायला लागलं गं बाई माझं लेकरू! आणि शब्द न् शब्द बरोबर, कुठं अडखळणं नाही. तिसरा पडसाद विरेपर्यंत तिनं तो कान देऊन ऐकला, आणि मग त्याच्यासाठी आणखी एक अळी शोधायला मान खाली घातली.