रिमचा उपास

साताऱ्याच्या मोटारसायकल मंडळाचे अध्यक्ष विश्वासराव इंगवले यांच्यापुढे तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती. एकदा मंडळी आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला निघाली असताना महाबळेश्वरात विश्वासरावांच्या गाडीचं पुढचं टायर चिरलं. गॅरेजवाल्या सलीमकडे त्या मापाचं एकच टायर निघालं, तेही ट्यूबवालं.

"हे बसेल, पण आत ट्यूब घालावी लागेल," सलीम म्हणाला. "या टायरच्या कडा ट्यूबशिवाय हवा धरत नाहीत. घाटात हवा गेली तर गाडी सरळ दरीत."

"माझ्या चाकाची रिम ट्यूबलेस आहे!" विश्वासराव कडाडले. "तिला ट्यूब म्हणजे माझा अपमान. तशीच हवा भर. ट्यूब कशाला हवी, हे कोणीतरी मला पटवून दाखवाच!"

सलीमने हवेचा पाइप उचलला. सभासद आपापले बूट न्याहाळू लागले. पण मागच्या सीटवर बसून तो घाट उतरायचा होता विश्वासरावांच्या पत्नीला, कुमुदिनीबाईंना. त्या पुढे आल्या.

"अहो, दर चतुर्थीला उपास कोण करतं?"

"मी!" विश्वासरावांनी छाती फुगवली.

"तुम्ही जेवत नाही, म्हणून त्या दिवशी माझी भूक भागते का?"

"ती कशी भागेल?"

"मग झालं तर! ट्यूबचा उपास रिमने धरलाय, टायरने नाही."

आधी सलीमला हसू फुटलं, मग सगळ्या मंडळाला. विश्वासरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"सलीम, रिमचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढ आणि नीट मापाची ट्यूब घाल," ते दरडावून म्हणाले. "मी कधी नको म्हटलं होतं?"