मोकाशाचे पेव आणि गोजाबाईच्या शिव्या

जरा मागे सरून उभे राहा. जमिनीत हे दगडी तोंड दिसते ना, ते पेवाचे. वर अरुंद, खाली घागरीच्या पोटासारखे फुगलेले, दोन पुरुष खोल. आमच्या कुंभेरीत जोंधळा असाच जमिनीत साठवतात. आतले लिंपण झडले की ओल शिरते, धान्य कुजते. मग कुणीतरी आत उतरून ते नव्याने लिंपावे लागते.

हे पेव सटवोजी मोकाशाचे. लिंपणाचे काम लिंबाजी करी. एका सुगीला झाकण काढले, तर तळाशी जुना जोंधळा सडलेला. लिंबाजी म्हणाला, "धनी, आत सडक्या दान्याची इखारी वाफ कोंडलीया. दोन दिस तोंड उघडं ठेवा. मग दिवा सोडू. जळत राहिला, तर उतरतो."

मोकाशी भडकला. "धान्याच्या गाड्या दारात उभ्या हायत आन् तू मला दिवे दाखवतोस? उतर!"

कमरेला दोर बांधून लिंबाजी उतरला. भिंतीवरून लिंपणाचा हात फिरवला असेल-नसेल, तोच वरच्यांशी बोलता बोलता त्याचा आवाज बंद झाला. दोर ओढून वर काढला, तेव्हा प्राण गेला होता.

मोकाशाने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, असे सांगतात. "दुसरा माणूस बघा," एवढेच बोलला.

लिंबाजीची बायको गोजाबाई रानातून धावत आली होती. तिने ते ऐकले. ती रडली नाही. नवऱ्याला अग्नी दिला गेला, आणि ती येऊन पेवाच्या तोंडावर बसली. "आता ह्यात मोकाशीच उतरंल. न्हाईतर मला आत गाडून वर धान्य भरा."

गावातल्या बाया तिच्याभोवती बसल्या. मोकाशाचे गडी हटवायला आले, पण त्यात त्यांच्याच आया-बहिणी होत्या. गडी माघारी गेले. दिवस गेले. गाड्यांतला जोंधळा उंदीर खाऊ लागले. शेवटी मोकाशी स्वतः आला. "वाफ गेली असंल. आता कसलं भ्या? कुनीबी उतरंल."

"भ्या न्हाई, तर तूच उतर, मुडद्या!"

सगळा गाव बघत होता. दिवा सोडला. तो जळत राहिला. मोकाशी उतरला. गोजाबाई वरून त्याला शिव्या घालू लागली, त्याच्या नावाने, त्याच्या हावरटपणाच्या नावाने. मध्येच ओरडे, "हायस का मेलास?" आतून येई, "हाय." भिंतीवर लिंबाजीच्या बोटांचे ठसे वाळले होते म्हणे. तेवढी जागा सोडून मोकाशाने सगळे लिंपून काढले.

वर येऊन तो तिच्यापुढे वाकला. "चुकलं माझं."

"त्येचा आवाज थांबला, तवा तू कुठं बघत हुतास?" असे विचारून ती उत्तरासाठी न थांबता चालू लागली.

आजही कुंभेरीत पेव लिंपायचे असले, की तोंड दोन दिवस उघडे राहते, दिवा सोडतात, आणि आधी मालक उतरतो. बाया वरून शिव्या घालतात. प्रत्येक शिवीला आतून "हाय" आलेच पाहिजे. नाही आले, तर तत्क्षणी दोर ओढतात. काम संपवून मालक वर येतो, हात जोडतो. बाया पाठ फिरवून घरी जातात. माफ करायची रीत गोजाबाईने घालून दिलेली नाही.