भूपालशेठचं माप

बाबालाल मिस्त्रीच्या गॅरेजात ट्रकमालक भूपालशेठ चारचौघांत गरजत होते. "ट्रक ओढ्यात गेला तो ड्रायव्हरच्या ढिल्या हातामुळं. आजच काढतो त्याला."

बाबालालनं स्टिअरिंग चार बोटं फिरवून दाखवलं. पुढचं चाक जागचं हललं नाही.

"शेठ, हात नाही, स्टिअरिंग चाकांना जोडणारे बॉल जॉइंट चार बोटं ढिले झालेत. बदलावे लागतील."

"चार बोटांनी काय बिघडतंय? मला शिकवू नकोस."

"बरं." बाबालालनं रस्त्याकडेला खडूनं फुली मारली. "तुम्ही इथं उभे राहा. स्टिअरिंगवर मी बसतो, माझा हात तर तुमच्या खात्रीचा. तुमच्यापासून वीतभर अंतर सोडून भरधाव ट्रक नेतो. तुम्हाला न लागता नेला, तर स्टिअरिंग ठीक, ड्रायव्हर दोषी."

शेठ ऐटीत फुलीवर उभे राहिले. बाबालालनं नुसतं इंजिन चालू केलं आणि काचेतून पाहिलं, तर फुली रिकामी. शेठ चहाच्या टपरीमागं पोचले होते.

बाबालाल शांतपणे उतरला आणि फुलीपासून टपरीपर्यंत टेप लावून आला.

"माफ करा शेठ, माझंच माप चुकलं. मी चार बोटं म्हणत होतो. तुमच्या हिशेबानं ढिलाई बावीस फूट भरली."