आज काय नाही?

एकदा एका धनाढ्य व्यापाऱ्याला आपल्या आईची फार जुनी इच्छा आठवली. तिला समुद्र पाहायचा होता. त्याने लगोलग होडी ठरवली आणि आईला घेऊन तो नारळी-पोफळींनी गच्च भरलेल्या एका बेटावर हवापालटासाठी आला. सोबतीला म्हणून त्याने आपल्या परिचयाच्या एका वृद्ध आचार्यांना आणि त्यांच्या शिष्याला आणले होते. आचार्यांना प्रवास प्रिय होता आणि शिष्याला भोजन, त्यामुळे दोघांनाही फार आग्रह करावा लागला नाही.

समुद्र उत्तम होता. वारा उत्तम होता. पंचाईत एवढीच झाली, की आल्यापासून आई जेवेना. व्यापाऱ्याने बेटावरच्या सर्वांत महागड्या भोजनगृहातून पक्वान्ने मागवली. तिने एक घास घेतला आणि ताट सरकवले. "काय हवं ते सांग ना आई, वाटेल ते मागवतो," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "काही नको रे," एवढेच ती म्हणे. नवरा गेल्यापासून तिची अन्नावरची वासनाच उडाली होती, आणि समुद्राच्या हवेने ती परत येईल ही मुलाची भाबडी आशा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सामान बांधायला घेतले. आईने दुपारपर्यंत काही खाल्ले नाही, तर संध्याकाळच्या होडीने परत जायचे, असे त्याने ठरवून टाकले. समुद्रापायी आईला गमावणे त्याला परवडणारे नव्हते.

"चला, माताजींना घेऊन जरा बाजारात फिरून येऊ," आचार्य म्हणाले.

बाजारातल्या पहिल्याच भोजनगृहाच्या दारात रंगीत फलक होता. मालक हात जोडून पुढे आला. आचार्यांनी त्याला विचारले, "आज तुमच्याकडे काय नाही?"

मालक क्षणभर गोंधळला, मग छाती फुगवून म्हणाला, "नाही असं काहीच नाही, महाराज! उत्तरेचं म्हणा, दक्षिणेचं म्हणा, बारा महिने सगळं हजर!"

आचार्यांनी नमस्कार केला आणि ते बाहेर पडले. दुसऱ्या ठिकाणीही त्यांनी तेच विचारले. "तुम्ही फक्त नाव घ्या, आणून देतो," असे उत्तर येताच तिथूनही ते निघाले.

शिष्याच्या पोटात एव्हाना कावळे ओरडत होते. व्यापारी तर चिडलाच. "अहो आचार्य, सगळं असलेलं सोडून नसलेलं कुठे शोधत बसलात?" आचार्य हसले आणि चालत राहिले.

बाजार संपला, तिथे माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक खानावळ होती. फलक नव्हता. चुलीपाशी बसलेल्या बाईला आचार्यांनी तोच प्रश्न विचारला. तिने समुद्राकडे बोट दाखवले.

"मासळी नाय. वारो बघतास मां? होडी सुटाक नाय. वांगी नाय, बटाटे नाय. परसात नीरफणस गावलो, त्येची भाजी केलंय. पेज आसा, खोबऱ्याची चटणी आसा. चलात तर बसा, नायतर फुडे जावा."

"बसा," आचार्य म्हणाले आणि स्वतः आधी बसले.

बाईने कुणालाच काय हवे ते विचारले नाही. होते ते वाढले. म्हातारीने पेजेचा वाडगा दोन्ही हातांत धरला, वाफ चेहऱ्यावर घेतली आणि एक घोट प्यायली. मग चटणीला बोट लावले. मग भाजी ओढून घेतली. व्यापारी स्वतःचे ताट विसरून तिच्याकडे पाहत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते तिखटाने नव्हते.

शिष्याला राहवेना. "गुरुदेव, भुकेला माणूस काय आहे ते विचारतो. आपण काय नाही ते का विचारलंत?"

आचार्य म्हणाले, "वत्सा, बारा महिने सगळे ठेवायचे, तर ते दुरून आणावे लागते आणि साठवावे लागते. ते शिळे होते, आणि आणण्या-साठवण्याचा खर्च खाणाऱ्याच्या ताटात पडतो. जे इथल्या मातीत आणि पाण्यात आज मिळाले तेच जो रांधतो, त्याच्याकडे काही ना काही नसणारच. म्हणून त्याचे अन्न ताजेही असते आणि स्वस्तही. ज्याला 'नाही' म्हणता येते, त्याच्या 'आहे'वर खुशाल विसंबावे."

"पण उद्या ते बाजारातले लोकही 'नाही' म्हणायला शिकले तर?"

"तर 'का नाही' ते विचारावे. लबाडाला कारण शोधावे लागते. या बाईने नुसते बोट दाखवले."

तेवढ्यात म्हातारीने वाडगा पुढे केला. "अजून थोडी पेज वाढ गं बाई."

बाईने मडके कलते करून दाखवले. "नाय ओ आये, सपली. उद्या येवा."

"उद्या काय असेल?"

"ता माका पण म्हायत नाय," बाई म्हणाली आणि दोघी मोठ्याने हसल्या.

व्यापाऱ्याने हिशेब विचारला, आणि बाईने सांगितलेला आकडा ऐकून पुन्हा विचारला. त्याला वाटले, ती एकाच ताटाचे सांगते आहे.

संध्याकाळी किनाऱ्यावर होडीवाल्याने हाका मारल्या. व्यापाऱ्याने त्याला हातानेच 'जा' म्हणून खुणावले. आई वाळूत पाय पसरून बसली होती.

"वारा पडला वाटतं रे," ती म्हणाली. "उद्या मासळी असेल बहुतेक. जरा लवकर जाऊ, नाहीतर संपायची."

वडील गेल्यानंतर आईच्या तोंडून 'उद्या' हा शब्द त्याने आजच ऐकला होता. तो तिच्या शेजारी वाळूत बसून राहिला.